अंदाजपत्रकातील आपला वाटा



दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी येते. अमुक महापालिकेचे इतक्या कोटींचे अंदाजपत्रक सादर झाले, करवाढ सुचविलेली नाही, रस्त्यांना इतके, उद्यानांना इतके, अखेरची शिल्लक इतकी. आपल्या घरांतून ही बातमी बहुधा कोणी वाचीत नाही. कोट्यवधींचे आकडे हे आपले काम नव्हे, ते मोठ्या लोकांचे, कंत्राटदारांचे आणि कारकुनांचे काम आहे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत मोडून काढावी, याच हेतूने आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे. ज्या कागदावर गावच्या नळाचे, गटाराचे, शाळेचे आणि दिव्याचे भवितव्य लिहिले जाते, तो कागद न वाचणारा मनुष्य आपला वाटा आपल्याच हाताने दुसऱ्याच्या ताटात वाढतो.

विषय हाताशी असावा म्हणून आम्ही पनवेल तालुक्यातील ओवे गावाचे उदाहरण घेतो. खारघर आणि तळोजे यांच्या दरम्यानचे हे गाव. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे या देशातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातील ती पहिलीच. जुन्या शहरासोबत सिडकोच्या वसाहती आणि आसपासची २९ गावे तिच्या हद्दीत आली. त्यांत ओवे गावही आले. कालपर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभारात असलेला मनुष्य एका रात्रीत महानगराचा नागरिक झाला. तो खऱ्या अर्थाने नागरिक झाला की केवळ करदाता झाला, हा खरा प्रश्न आहे.

ठराव आणि पाणी

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी याच जिल्ह्यातील एका जुन्या नगरपालिकेची आठवण करणे अगत्याचे आहे. रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांचा, शाळांचा व दवाखान्यांचा उपयोग अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. परंतु तीन वर्षांत त्या तळ्याचे पाणी एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत पडले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा अमलात आला. लगेच त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. मग दिवाणी दावा, मनाई हुकूम, अपिले असे करीत १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादिकालीन वहिवाट प्रतिपक्षाला सिद्ध करता आलेली नाही.

महाडच्या सत्याग्रहाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. परंतु त्यात स्थानिक कारभाराचा जो धडा आहे त्याकडे आपले लक्ष जात नाही. तळे नगरपालिकेचे होते. ठराव नगरपालिकेचा होता. ठराव फिरविणारेही नगरपालिकेचेच सभासद होते. तेव्हा नगरपालिकेच्या दप्तरात एखादी गोष्ट लिहिली गेली म्हणजे ती आपल्या दारी आली असे होत नाही, आणि आज दारी आलेली गोष्ट उद्या त्याच दप्तरातून खोडली जाऊ शकते. बाबासाहेब हे अर्थशास्त्राचे पंडित होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर त्यांनी १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्तेचे खरे स्वरूप जमाखर्चाच्या वहीत उघडे पडते, हे ज्यांनी जाणले त्यांच्या अनुयायांनीच जमाखर्चाची वही उघडू नये, ही शरमेची गोष्ट होय.

वही कशी वाचावी

अंदाजपत्रक हे काही गूढ शास्त्र नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्त पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करतात आणि तो स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी समिती त्यात फेरफार करून तो सर्वसाधारण सभेकडे पाठविते. १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी सभेने तो मंजूर करावयाचा असतो. मालमत्ता कर, विकास शुल्क, वस्तू व सेवा कर आल्यानंतर शासनाकडून मिळणारे नुकसानभरपाईचे अनुदान, केंद्र व राज्य यांच्या योजनांचे पैसे, ही जमेची बाजू. पगार, दुरुस्ती, पाणी, सफाई, दिवाबत्ती, नवी बांधकामे, ही खर्चाची बाजू.

वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रत्येक बाबीपुढे बहुधा तीन रकमा असतात : मागील वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात तिसरी रक्कम छापून येते. खरी गोष्ट पहिली रक्कम सांगते. तरतूद म्हणजे वचन. प्रत्यक्ष खर्च म्हणजे त्या वचनाचे काय झाले त्याची नोंद. एखाद्या वस्तीच्या गटारासाठी दरवर्षी तरतूद दिसावी आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात दरवर्षी शून्य असावे, हे चित्र महाराष्ट्रातील कित्येक पालिकांच्या पुस्तकांत दिसून येते. त्या वस्तीतील माणसांना हे ठाऊकच नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना बोलण्याचे कारण नसते.

दुसरी गोष्ट कायद्याची. याच अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये. पाणीपुरवठा, सफाई, गटारे, रस्त्यांवरील दिवे, प्राथमिक शिक्षण ही बंधनकारक कर्तव्ये होत. बागा, वस्तुसंग्रहालये इत्यादी ऐच्छिक. पनवेल शहरातील वडाळे तळ्याचे सुशोभीकरण झाले. संध्याकाळी तेथे शेकडो कुटुंबे मोकळ्या हवेत बसतात. ही चांगली गोष्ट आहे आणि आम्ही तिला नावे ठेवीत नाही. परंतु एखाद्या गावातील गटार उघडे असेल आणि त्याच वर्षी शहरात कारंजी उडत असतील, तर बंधनकारक कर्तव्य आधी की ऐच्छिक आधी, हे विचारण्याचा त्या गावकऱ्याला पूर्ण अधिकार आहे. तो भीक मागत नाही. तो कलम वाचून दाखवीत आहे.

पाच टक्क्यांचा प्रश्न

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावेत, असा दंडक आहे. महापालिकांच्या बाबतीत दुर्बल घटकांसाठी ५ टक्क्यांची तरतूद करावयाची असते. वरवर पाहता पंधराचे पाच झाले. परंतु ग्रामपंचायतीचे उत्पन्न आणि महापालिकेचे उत्पन्न यांत ओंजळ आणि विहीर यांच्याइतके अंतर आहे. पाच टक्के ही लहान रक्कम नव्हे. मात्र ग्रामपंचायतीत पंधरा टक्के कोठे गेले हे वस्तीतल्या कोणालाही चावडीवर जाऊन विचारता येत असे. महापालिकेत ते विचारावयाचे तर कोणत्या खिडकीशी उभे राहावे, हेच कळत नाही.

याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या वस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्य शासनाचा निधी येतो. नागरी भागात तो पालिकेमार्फत खर्ची पडतो. या निधीचे काय होते? वकिलीच्या व्यवसायात अशी कागदपत्रे पाहण्याचा प्रसंग आम्हांला अनेकदा आला आहे. काम वस्तीच्या नावाने मंजूर होते, आणि रस्ता वस्तीच्या कडेने जाऊन पलीकडच्या नव्या इमारतींच्या दारी संपतो. कागदावर वस्ती सुधारलेली असते. लेखापरीक्षणातही आक्षेप निघत नाही, कारण रस्ता खरोखरच झालेला असतो. फक्त तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्या दारात पोहोचलेला नसतो.

तथापि सारा दोष पालिकेच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आपलाही दोष आहे, आणि तो आपल्यापुढेच बोलला पाहिजे. वस्तीतील मंडळी नगरसेवकाकडे मागणी घेऊन जातात तेव्हा बहुधा कशाची मागणी असते? प्रवेशद्वाराच्या कमानीची, सभामंडपाची, नामफलकाची. नगरसेवकालाही हे सोयीचे पडते. कमानीचे उद्घाटन होते, हारतुरे होतात, छायाचित्र निघते, आणि पुढची पाच वर्षे त्या कमानीखालून सांडपाणी वाहत राहते. महापुरुषांच्या नावाची कमान नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या महापुरुषाने सार्वजनिक पाण्यावरील हक्कासाठी लढा दिला, त्याच्या नावाची कमान कोरड्या नळाशेजारी उभी राहावी, ही विटंबना होय. वस्तीत विहार असेल तर त्याच छपराखाली मुलांसाठी अभ्यासिका मागा. नळ मागा, झाकलेले गटार मागा, रात्री मुलीबाळींना निर्धास्त जाता येईल असा दिवा मागा. कमान मागून घ्याल तर ती आपली शोभा होईल. गटार मागून घ्याल तर आपली लेकरे तापाने फणफणणार नाहीत.

जमिनीचे माप आणि माणसाचे माप

ओवे आणि त्या परिसराच्या बाबतीत एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई येथे जे आंदोलन झाले त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. ज्यांची जमीन गेली त्यांना त्या जमिनीच्या प्रमाणात वाटा मिळावा हे न्याय्यच होते. परंतु या मापात मुख्य आधार सातबाऱ्याचा. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला, दुसऱ्याच्या खाचरात लावणी केली, त्याची मेहनत कोणत्या उताऱ्यावर चढली आहे? जमीन गेली तेव्हा त्याचीही रोजी गेली. मात्र ती मोजण्याची फूटपट्टी कोणी काढली नाही.

म्हणूनच आपल्या दृष्टीने महापालिकेचे महत्त्व अधिक आहे. तेथे जमिनीचे माप चालत नाही, माणसाचे माप चालते. शंभर एकरांचा धनी असो की भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर असो, मत एकच. नळाचा हक्क जमिनीवरून ठरत नाही, वस्तीवरून ठरतो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बारावे परिशिष्ट जोडले. नगरपालिकांकडे सोपवावयाचे १८ विषय त्यात आहेत, आणि त्यांत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा व नागरी दारिद्र्याचे निवारण यांचा स्पष्ट निर्देश आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूरपासून पेंधरपर्यंत मेट्रो धावू लागली. याच परिसरातून ती जाते. गाडी डोक्यावरून जात असता खालच्या वस्तीतील बाईने हंडा घेऊन टँकरची वाट पाहावी लागू नये, हे पाहणे या १८ विषयांतच येते.

पावती म्हणजे मालकी नव्हे

मध्यंतरी एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनी पिशवीतून मालमत्ता कराची पावती काढली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "वकीलसाहेब, आता घर माझं झालं, सरकारनं कर घेतला." त्यांचे समाधान मोडणे आमच्या जिवावर आले. परंतु खरे ते सांगावेच लागले. कराची पावती ही कबजाचा व वास्तव्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. ती जपून ठेवावी, कुटुंबातील योग्य व्यक्तीच्या नावे आकारणी करून घ्यावी, बापाच्या निधनानंतर नावाची नोंद वेळेवर बदलावी. परंतु ती मालकीचा दस्तऐवज नव्हे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. तिचा लाभ घ्यावयास गेले की प्रथम प्रश्न येतो जागेचा. जागेचा कागद नाही म्हणून घर नाही, आणि घर कच्चे म्हणून नाव नाही, असा हा चरक आहे. गावठाणाची हद्द, विस्तारित गावठाण, गरजेपोटी बांधलेली घरे यांसंबंधी शासनाचे निर्णय वेळोवेळी झाले आहेत. आपले घर त्यांपैकी कशात बसते हे प्रत्येक कुटुंबाने आजच तपासून घ्यावे. पुनर्विकासाची योजना दारात येऊन उभी राहिल्यावर कागद शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा कागद असणारा आत जातो आणि नसणारा रस्त्यावर येतो.

ज्या कुटुंबांनी नव्याने धम्मदीक्षा घेतली आहे त्यांना आणखी एक सूचना. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना त्यांचे घटनात्मक हक्क मिळाले. धर्म बदलला म्हणून हे हक्क जात नाहीत. परंतु त्यासाठी मूळ जातीची नोंद असलेले जुने शाळा सोडल्याचे दाखले, तसेच १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचे पुरावे जतन करणे आवश्यक आहे. जुने नको म्हणून जुने कागद फाडून टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. जुन्या रूढी टाका, कागद टाकू नका. पालिकेच्या राखीव जागेवर उभे राहावयाचे तर जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते निवडणुकीच्या तोंडावर धावपळ करून मिळत नाही.

प्रतिनिधीविना गेलेली वर्षे

पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये झाली. ७८ सभासद निवडून आले आणि डॉ. कविता चौतमोल या पहिल्या महापौर झाल्या. त्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. घटनेचे कलम २४३-यू सांगते, की मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे. परंतु राज्यभर आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद न्यायालयांत पडून राहिले आणि पनवेलचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अंदाजपत्रक मांडणाराही तोच, तपासणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. अधिकारी कर्तबगार असू शकतो. त्या काळातही रस्ते झाले, सिडकोकडून आलेल्या सेवा महापालिकेने चालविल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच असेल तर निकाल कितीही चांगला लागला तरी त्याला न्याय म्हणत नाहीत. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यांत पनवेलही होते.

या मधल्या काळात कराचा मोठा वाद झाला. सिडको वसाहतींतील रहिवाशांना २०१६ पासूनच्या मालमत्ता कराची मागणी आली, तेव्हा त्यांनी सेवाशुल्क आम्ही सिडकोला दिले, मग तोच भार दोनदा का, असे विचारून हायकोर्टापर्यंत धाव घेतली. त्या मागणीच्या गुणावगुणांत आम्ही येथे जात नाही. एवढेच दाखवावयाचे आहे, की त्या लोकांनी मागणीपत्र वाचले, संघटना केली, हिशेब मागितला. आपल्या वस्तीने हे कधी केले आहे काय?

आणखी एका बाबीकडे डोळेझाक करता येत नाही. शहर झाडणारे, कचरा उचलणारे, गटारात उतरणारे हात पुष्कळदा आपल्याच माणसांचे असतात. अंदाजपत्रकात त्यांचे नाव नसते. कंत्राटाची एकच रक्कम असते. त्या रकमेतून कामगाराच्या हाती किमान वेतन पडते काय, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, हातमोजे व बूट मिळतात काय, हे विचारणे प्रत्येक सभासदाचे काम आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. स्वच्छतेचे बक्षीस मिळविणाऱ्या शहराची खरी परीक्षा झाडणाऱ्याच्या पगारपत्रकात होते.

आता काय करावे

उपदेश पुष्कळ झाला. करावयाचे थोडेच आहे. प्रत्येक वस्तीत चार शिकलेल्या मुलामुलींनी एकत्र बसून महापालिकेचे अंदाजपत्रक मिळवावे. ते सार्वजनिक कागदपत्र आहे, आणि न दिल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाताशी आहेच. त्यातील दुर्बल घटकांची ५ टक्क्यांची तरतूद आणि वस्तीसुधार निधी ही पाने वेगळी काढावीत. मागील तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च एका तक्त्यात लिहावा आणि तो विहाराच्या भिंतीवर लावावा. पौर्णिमेला जमलेल्या आयाबहिणींना तो वाचून दाखवावा. मग वस्तीच्या गरजांची क्रमवार यादी करून ती डिसेंबरपूर्वी प्रभाग कार्यालयात पोच घेऊन द्यावी. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होत असले तरी ते थंडीच्या दिवसांतच शिजते. पंगत उठल्यावर पान मांडणाऱ्याला काही मिळत नाही. आणि काम सुरू झाले की रस्ता कोणत्या दारापर्यंत जातो हे प्रत्यक्ष उभे राहून पाहावे.

नगरसेवक आपल्या समाजाचा आहे म्हणून त्याला प्रश्न विचारू नये, असे मानू नका. आपला आहे म्हणून त्याला दोन प्रश्न अधिक विचारा. आणि तो दुसऱ्या समाजाचा आहे म्हणून तो आपला प्रतिनिधी नव्हे, असेही मानू नका. त्याला मते तुमचीही पडली आहेत, आणि पडली नसली तरी कर तुमचा पडला आहे.

महाडच्या नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे दप्तरात पडून होता. तो जिवंत झाला तो माणसे उठून तळ्यापर्यंत चालत गेली म्हणून. ओवे गावच्या, आणि अशा प्रत्येक गावच्या, हक्काचा ठराव आज अंदाजपत्रकाच्या कुठल्यातरी पानावर छापलेला आहे. ते पान उघडून वाचण्याचे काम आता तुमचे आहे.